स्नानसंस्कार : स्वीकार आणि पाठवणी



प्रभू येशूच्या स्नानसंस्काराच्या सणाबरोबर नाताळचा काळ संपतो. घराघरांतला गोठा आवरून माळ्यावर जातो, खिडकीतला तारा उतरतो आणि सोमवारपासून उपासनेतला सामान्य काळ सुरू होतो. या आवराआवरीत हा सण बहुतेकांच्या हातून निसटतो. म्हणून यंदा या अभ्यासपानावर आपण स्नानसंस्काराचाच विचार करू. विषय धर्मशिक्षणाच्या लहान वर्गातला वाटेल. पण तिथे शिकलेले आपल्यापाशी किती उरले आहे, हे एकदा तपासून पाहायला हरकत नाही.

८ जानेवारी २०१४ रोजी रोममधील जाहीर भेटीत पोप फ्रान्सिस यांनी जमलेल्या भाविकांना एक साधा प्रश्न विचारला होता. आपला स्नानसंस्कार कोणत्या तारखेला झाला, हे तुम्हाला ठाऊक आहे का? ठाऊक नसेल तर घरी जाऊन ती तारीख शोधा, असे त्यांनी सांगितले. पोप फ्रान्सिस २०२५ च्या एप्रिलमध्ये प्रभूघरी गेले. त्यांनी दिलेला हा अभ्यास मात्र आपल्यापैकी बऱ्याच जणांचा अजून बाकी आहे. वाढदिवस, लग्नाची तारीख, फ्लॅटचा ताबा मिळाल्याची तारीखसुद्धा आपण सांगू शकतो. स्नानसंस्काराची तारीख विचारली की आईकडे पाहतो, आणि आई कपाटातल्या फाइलकडे.

फाइलचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. चर्चच्या कार्यालयात स्नानसंस्काराची नोंद करायला पालक येतात तेव्हा तीन प्रश्न हमखास विचारले जातात. हॉल रिकामा आहे का, फोटोवाल्याला अल्तारापर्यंत येऊ द्याल का आणि सर्टिफिकेट कधी मिळेल. शाळाप्रवेशासाठी ते लागते, हे आम्हीही जाणतो. पाहुण्यांना जेवायला घालावे, बाळाचे कौतुक करावे, यात गैर काही नाही. आनंदाचाच दिवस तो. पण ‘या संस्काराने आमच्या बाळाला नेमके काय होणार, आणि आमच्यावर काय येणार’ हा चौथा प्रश्न क्वचितच कानी पडतो. एकदा लघु ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत प्रेषितकार्याचा विषय निघाला, तेव्हा एक मावशी मोकळेपणाने म्हणाल्या, “फादर, मिशन वगैरे तुमचं आणि सिस्टरांचं काम. आम्ही आपले संसारी.” बाकीच्यांनी मानाच डोलावल्या. आमच्या मते या वाक्यातच आपल्या सगळ्या अडचणीचे मूळ आहे. म्हणून हा अभ्यास त्या मावशींना उत्तर म्हणून लिहीत आहोत.

यार्देनच्या काठी

योहान लोकांना पश्चात्तापाचा बाप्तिस्मा देत होता. जकातदार, शिपाई, साधी माणसे रांगेत उभी होती आणि त्याच रांगेत येशू येऊन उभा राहिला. त्याच्यात पाप नव्हते, मग त्याला बाप्तिस्म्याची गरज काय, हा प्रश्न योहानालाही पडला होता (मत्तय ३:१४). येशू पाण्यात उतरला तो स्वतः शुद्ध होण्यासाठी नव्हे, तर पापी माणसांच्या बाजूला जाऊन उभे राहण्यासाठी. ख्रिस्तसभेचे प्राचीन आचार्य याच अर्थाने सांगत की पाण्याने ख्रिस्ताला पवित्र केले नाही, ख्रिस्ताने पाण्याला पवित्र केले.

यानंतर आकाशातून पित्याची वाणी झाली आणि येशू हा आपला परमप्रिय पुत्र असल्याचे पित्याने सांगितले. येथे क्षणभर थांबून क्रम पाहावा. येशूने अजून एकही दाखला सांगितलेला नाही, एकाही आजाऱ्याला बरे केलेले नाही. तीसएक वर्षे तो नाझरेथमध्ये सुताराचे काम करीत होता. म्हणजे पित्याचे प्रेम हे केलेल्या कामाची मजुरी नव्हे. प्रेम आधी, काम मागाहून. आपण तान्ह्या बाळांना स्नानसंस्कार देतो याचे कारणही यातच आहे. बाळाला काही कळत नाही, बाळाने काही केलेले नाही, तरी देव त्याला आपले म्हणतो. ‘मोठा होऊन त्यालाच ठरवू दे’ असे हल्लीचे काही तरुण पालक म्हणतात. तेच पालक बाळाला मातृभाषा मात्र त्याची परवानगी न घेता शिकवतात!

पण क्रम इथेच संपत नाही. मार्क सांगतो की त्याच आत्म्याने येशूला लगेच अरण्यात घालवले (मार्क १:१२). ‘लगेच’ हा मार्काचा आवडता शब्द आहे. पुढे लूकच्या शुभवर्तमानात नाझरेथच्या सभास्थानात यशयाचा ग्रंथपट उघडून येशू आपले काम जाहीर करतो : गरिबांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी (लूक ४:१६-२१). स्वीकार आणि पाठवणी यांच्यात श्वास घ्यायलाही फुरसत नाही. मराठीत पाठवणी म्हटले की नवरी डोळ्यांपुढे येते. मुलगी सासरी गेली म्हणून ती लेक असण्याचे थांबत नाही. उलट ‘ही अमक्या घरची लेक’ हे तिच्या वागण्यातूनच चार लोकांना कळते. पाठवला गेलेला ख्रिस्ती मनुष्यही तसाच असतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक जुने लॅटिन सूत्र आमच्याकडून घोटून घेतले होते. त्याचा भावार्थ असा की कृती ही अस्तित्वाच्या मागून येते. वस्तू जी असते तशी ती वागते. अग्नी आहे म्हणून तो तापवतो. त्याला कोणी तापवण्याची नोकरी दिलेली नसते. तेच स्नानसंस्काराला लावून पाहा. प्रेषितकार्य हे हौशी माणसांनी घेतलेले जादा काम असते, तर मावशींचे म्हणणे खरे ठरले असते. पण स्नानसंस्कार आपले अस्तित्वच बदलतो, आपण ख्रिस्ताच्या शरीराचे अवयव होतो. मग अवयवाने हालचाल करायची की नाही, हा प्रश्न उरतो कुठे? संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या संस्काराच्या पुसता न येणाऱ्या ठशाची चर्चा करताना त्याला ‘शक्ती’ म्हटले आहे. नुसते लेबल नव्हे, तर काही करण्याची शक्ती. म्हणूनच स्नानसंस्कार आयुष्यात एकदाच होतो. माणूस वीस वर्षे चर्चपासून दूर राहून परत आला तरी त्याला पुन्हा पाण्यापाशी न्यावे लागत नाही. तो कबुलीपाशी येतो आणि विझत आलेले पुन्हा पेटते.

विधीतील खुणा

आता विधीच आठवू या. बहुतेक पाहुण्यांचे लक्ष त्या वेळी कॅमेऱ्याकडे असते.

दारातच बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण केली जाते. धर्मगुरू करतात, मग आईबाप आणि धर्ममाता-धर्मपिता करतात. पाणी तीनदा ओतले जाते. संत पौलाच्या शिकवणीप्रमाणे हे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि त्याच्याबरोबर उठणे आहे (रोमकरांस पत्र ६:३-४). म्हणजे स्नानकुंड ही एक कबरही आहे, हे आपल्याला सांगितले तर दचकायला होते. मग डोक्याला क्रिझ्मा हे सुगंधी तेल लावतात. जुन्या करारात याजक, राजे आणि काही प्रसंगी संदेष्टे यांना तेलाचा अभिषेक होत असे. तेच तेल आता कोळ्याच्या, कारकुनाच्या, रिक्षावाल्याच्या बाळाच्या माथ्यावर लागते. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ मध्ये ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या संविधानात हेच ठासून सांगितले : ख्रिस्ताच्या याजक, संदेष्टा आणि राजा या तिन्ही भूमिकांत प्रापंचिकांनाही वाटा आहे, आणि तो त्यांना बिशपांनी किंवा फादरांनी दिलेला नाही, स्नानसंस्काराने दिलेला आहे.

पांढरे वस्त्र आणि पास्काच्या मेणबत्तीवरून पेटवलेली लहान मेणबत्ती यांचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. शेवटी जिथे हा विधी करतात तिथे धर्मगुरू बाळाच्या कानांना आणि ओठांना स्पर्श करतात. येशूने बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला बरे केले, त्या प्रसंगाची ही आठवण आहे (मार्क ७:३१-३७). कान देवाचे वचन ऐकण्यासाठी उघडावेत, आणि ओठ ते सांगण्यासाठी. कानाची ही खूण ध्यानात ठेवावी; तिची गरज थोड्याच वेळात लागणार आहे.

खाडीपलीकडचा एक मुलगा

भाईंदरहून विरार लोकल सुटली की दोन-तीन मिनिटांत वसईची खाडी लागते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या रो-रो बोटीने गेलात तर ती थेट वसईच्या किल्ल्याच्या बाजूलाच नेऊन सोडते. त्या वसईत १५५६ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली ते शिकले आणि कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की धर्मशिक्षणाच्या कामात ते फादरांचा उजवा हात झाले. येशूसंघात प्रवेश मिळावा अशी त्यांची इच्छा होती, पण तो मिळाला नाही. मग त्यांनी व्यापार केला, पैसा मिळवला आणि शेवटी मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून प्रवेश केला. फादर म्हणून नव्हे, हे लक्षात घ्यावे. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर ते दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. क्योतोमध्ये या मंडळींनी महारोग्यांसाठी रुग्णालय चालवले.

१५९६ च्या अखेरीस सत्ताधीश हिदेयोशी यांची मर्जी फिरली आणि अटकसत्र सुरू झाले. क्योतोमध्ये कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला आणि ऐन हिवाळ्यात, गावोगावी लोकांना दाखवत, त्यांना सुमारे महिनाभर नागासाकीकडे चालवत नेले. ज्या कानाला संस्काराच्या दिवशी स्पर्श झाला तो कान! ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारण्यात आले.

त्या सव्वीस जणांची यादी आपण सहसा नीट वाचत नाही. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि उरलेले सतरा जपानी प्रापंचिक. सव्वीसांतले सतरा! त्यात बारा वर्षांचा लुईस इबाराकी होता, तेरा वर्षांचा अंतोनियो होता, चौदा वर्षांचा थॉमस कोझाकी होता. आपल्याकडे या वयाची मुले दृढीकरणाच्या वर्गाला येतात, की येतच नाहीत, हे पालकांनाच ठाऊक. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सव्वीस जणांना संतपद बहाल केले. भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून आपण गोन्सालो गार्सिया यांचे नाव अभिमानाने घेतो. वसईच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. अभिमान योग्यच आहे. पण हा वसईचा मुलगा शेवटपर्यंत ब्रदरच होता. मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार त्याला नव्हता. त्याच्यापाशी होता तो स्नानसंस्कार, संघाचे व्रत आणि एक परकी भाषा.

फादरांवाचून अडीचशे वर्षे

गोष्ट इथे संपली असती तरी पुष्कळ होते. पण तिचा खरा उत्तरार्ध पुढे आहे, आणि आमच्या मते आपल्या धर्मग्रामाने विचार करावा असा भाग तोच आहे.

१६१४ मध्ये जपानात ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. मिशनरींना हाकलले, चर्च पाडली, लपून राहिलेल्या धर्मगुरूंना एकेक करून पकडले. १६४४ मध्ये शेवटचे धर्मगुरू मारले गेले. त्यानंतर त्या देशात मिस्सा नाही, कबुली नाही, दृढीकरण नाही, आजाऱ्यांना तेल नाही. नागासाकीच्या परिसरातल्या गावकऱ्यांना पवित्र चित्रावर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नाही हे दाखवावे लागे. अशा दोनशे वर्षांहून अधिक काळात ती श्रद्धा संपून जायला हवी होती. कोणत्याही हिशेबाने ती संपायलाच हवी होती.

ती संपली नाही. त्या कोळ्यांनी आणि शेतकऱ्यांनी गावागावांत कामे वाटून घेतली. एकाने ख्रिस्ती दिनदर्शिका सांभाळायची, सणवार आणि उपवासाचे दिवस लोकांना गुपचूप कळवायचे. एकाने बाळांना बाप्तिस्मा द्यायचा. त्याला त्यांच्या भाषेत जे नाव होते त्याचा अर्थ ‘पाण्याचा माणूस’ असा होतो. एकाने घरोघरी निरोप पोचवायचे. प्रार्थना तोंडपाठ करून मुलांना द्यायच्या. लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द झिजून ओळखू येईनासे झाले तरी म्हणायच्या. आणि ‘पाण्याचा माणूस’ मरण्याआधी आपले काम दुसऱ्याला शिकवून जायचा. पाणी आणि शब्द, एवढेच त्यांच्यापाशी होते. हा एक संस्कार मात्र कोणताही माणूस देऊ शकतो, हे मिशनरींनी जाण्याआधी त्यांना शिकवून ठेवले होते.

१८६५ मध्ये नागासाकीतल्या ओउरा येथे परदेशी रहिवाशांसाठी नवे चर्च उभे राहिले. ते त्याच सव्वीस रक्तसाक्ष्यांना, म्हणजे आपल्या गोन्सालोंनाही, समर्पित होते. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावची पंधराएक माणसे तिथे आली आणि फादर बर्नार्ड पेतीजाँ यांच्याजवळ जाऊन एका बाईने हलक्या आवाजात सांगितले की आमचेही हृदय तुमच्यासारखेच आहे. मग त्यांनी विचारले, मरियामातेची मूर्ती कुठे आहे? पुढच्या आठवड्यांत गावोगावचे लोक आले. फादरांनी ‘पाण्याच्या माणसां’कडून बाप्तिस्म्याचे शब्द म्हणवून घेतले. इतक्या पिढ्यांनंतरही ते ओळखू येत होते. बंदी अजून उठलेली नव्हती, म्हणून उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना पुन्हा हद्दपारी भोगावी लागली आणि कित्येक तिथेच मेले. १८७३ मध्ये उरलेले परतले. आज ओउराचे चर्च आणि त्या छुप्या ख्रिस्ती लोकांची गावे जागतिक वारसा म्हणून २०१८ पासून नोंदलेली आहेत. पोप फ्रान्सिस यांनीही १५ जानेवारी २०१४ रोजी स्नानसंस्कारावर बोलताना याच लोकांचे उदाहरण दिले होते.

आता मावशींना आमचा आदराने एक प्रश्न. उद्या आपल्या मीरा-भाईंदरमधून सगळे फादर आणि सगळ्या सिस्टर निघून गेल्या, तर उत्तन, डोंगरी, पाली, राई, मुर्धे, काशीमिरा इथल्या ख्रिस्ती घरांत काय उरेल? पाच वर्षांनी काय उरेल, पन्नास वर्षांनी काय उरेल? दिनदर्शिका कोण सांभाळेल, प्रार्थना कोण शिकवेल, ‘पाण्याचा माणूस’ कोण होईल? जपानातले ते सगळे संसारीच होते.

आपला स्वतःचा इतिहास

कोणी म्हणेल, जपान दूर आहे. मग इथलेच पाहू. डिसेंबर १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि पुढे फादर आंतोनियो दो पोर्तो यांच्यासारख्या फ्रान्सिस्कनांनी वसईत आणि आपल्या साष्टीत सुवार्तेचे काम केले. त्या काळाबद्दल आपण खरे बोलले पाहिजे. तेव्हा धर्माच्या बाजूला राजसत्ता उभी होती. सवलती होत्या, दबाव होता, देवळे पाडली गेली. कोणी मनापासून पाण्यात उतरले, कोणी लाभासाठी, कोणी भीतीने. हे झाकून ठेवून आपली श्रद्धा मोठी होत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ मध्ये स्पष्ट सांगितले की श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी किंवा गैरमार्गाने ओढाताण करता कामा नये. आपल्या राज्यघटनेचे पंचविसावे कलमही सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य सर्वांना देते, आपल्याला आणि आपल्या शेजाऱ्यालाही. म्हणून प्रेषितकार्य म्हणजे डोकी मोजणे, हा अर्थ आपण मनातून काढून टाकावा.

पण या इतिहासाची दुसरी बाजूही आहे. १७३७ मध्ये साष्टी आणि १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली, तिच्याबरोबर युरोपीय धर्मगुरू गेले, सवलती गेल्या. श्रद्धा जर केवळ सत्तेच्या आधाराने उभी असती तर तीही त्याच गलबतात बसून गेली असती. आपले पूर्वज इथेच राहिले. गोव्याच्या आणि इथल्या देशी धर्मगुरूंनी चर्च सांभाळली, आणि घरातल्या आयांनी मुलांना क्रुसाची खूण करायला शिकवली. सुरुवात कशीही झाली असो, त्या पिढीने तो स्नानसंस्कार स्वतःचा करून घेतला. आज आपण ‘आम्ही पिढीजात कॅथॉलिक’ म्हणतो ते त्यांच्या जिवावर.

मग आम्ही काय करायचे?

हा प्रश्न नेहमी येतो. झांबिया किंवा झारखंडला जायची गरज नाही. २०२४ च्या जानेवारीत मीरा रोडला दोन समाजांत तणाव पसरला, तेव्हा मोबाइलवर काय काय फिरत होते ते आठवावे. आलेला विषारी निरोप आपल्यापाशी थांबवणे, सोसायटीच्या ग्रुपवर ‘हे खरे नाही’ असे लिहिण्याचे धैर्य दाखवणे, ही संदेष्ट्याची भूमिका होती. ज्यांनी ती बजावली त्यांना कदाचित तिचे हे नावही ठाऊक नसेल. रात्रपाळीत मरणाऱ्या अनोळखी रुग्णाचा हात धरून बसणारी आपली परिचारिका याजकाचेच काम करते. ती त्याचे दुःख देवापुढे नेते. मच्छीबाजारात खरे माप देणारी कोळीण, फ्लॅट भाड्याने देताना आडनाव न विचारणारा मालक, यांची यादी करत बसत नाही. प्रत्येकाला आपली जागा दिसतेच. कोणी आपल्याला विचारले, तुम्ही असे का वागता, तर उत्तर द्यायला तयार असावे आणि ते उत्तर सौम्यतेने द्यावे, एवढेच संत पेत्र मागतो (१ पेत्र ३:१५).

धर्ममाता-धर्मपिता निवडतानाही हेच डोळ्यांपुढे ठेवावे. ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणे ती व्यक्ती साधारण सोळा वर्षे पूर्ण झालेली, दृढीकरण झालेली आणि श्रद्धेने जगणारी कॅथॉलिक असावी. एकजण पुरे, फार तर एक पुरुष आणि एक स्त्री. दुबईचा मामा सोन्याची चेन आणील म्हणून त्याला निवडायचे आणि मग दहा वर्षे त्याने बाळाला पाहायचेही नाही, याला काही अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र प्रत्येक घराला आलीच पाहिजे. आपल्यापैकी कोणाचे बाळ जन्मतःच अत्यवस्थ असेल आणि फादर पोचण्याइतका वेळ नसेल, तर आईबाप, आजी, नर्स, कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. ख्रिस्तसभेला अभिप्रेत असलेलेच आपण करतो आहोत, एवढा हेतू हवा. साधे स्वच्छ पाणी पुरते. बाळाच्या डोक्यावर ते तीनदा ओतावे आणि बाळाचे नाव घेऊन, मी तुला बाप्तिस्मा देतो किंवा देते, असे पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने म्हणावे. जो ओततो त्यानेच शब्द म्हणावेत. या लेखात आम्ही सर्वत्र ‘आम्ही’ म्हणत आलो. तिथे मात्र ‘मी’च हवे. ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ असे म्हणून केलेला बाप्तिस्मा वैध नाही, हे रोमने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. कारण बाप्तिस्मा जमलेले कुटुंब देत नाही, गावही देत नाही. देणाऱ्याच्या मुखाने ख्रिस्त देतो. संत ऑगस्टीन यांनी पूर्वी हेच सांगितले होते, आणि म्हणूनच उराकामीच्या निरक्षर कोळ्याने दिलेला बाप्तिस्माही खरा होता. बाळ वाचले तर त्याला चर्चमध्ये आणावे. पाणी पुन्हा ओतले जात नाही, राहिलेला विधी पूर्ण केला जातो. दोन्ही प्रसंगी चर्चच्या कार्यालयाला कळवून नोंद मात्र करून घ्यावी.

नोंदीचा विषय निघालाच आहे, तर : येत्या दोन रविवारी सकाळच्या मिस्सांनंतर कार्यालयात स्नानसंस्काराच्या नोंदवह्या काढून ठेवलेल्या असतील. ज्यांचा संस्कार याच चर्चमध्ये झाला आहे त्यांनी आपले, आईवडिलांचे नाव आणि जन्माचे वर्ष चिठ्ठीवर लिहून आणावे. तारीख शोधून दिली जाईल. ज्यांचा संस्कार दुसऱ्या धर्मग्रामात, वसईला, मंगळूरला, गोव्याला किंवा केरळात झाला आहे, त्यांनी तिथल्या चर्चचे नाव आणावे. पत्र लिहून तारीख मागवायला आम्ही मदत करू. जुन्या वह्यांची पाने नाजूक झाली आहेत, म्हणून कृपया पाने स्वतः उलटू नयेत. पुढील रविवारी याच पानावर दृढीकरण संस्काराचा अभ्यास घेऊ.

आपले,
धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू